आहेराच्या पाकिटांचा मिनी अल्बम, आणि सजावट सगळी घरातलीच

आमच्या आजीची पंचाहत्तरी आली तेव्हा घरात तोच नेहमीचा प्रश्न, तिला द्यायचं काय. नवीन साडी दिली की ती घडी न मोडता कपाटात जाते आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी ओटीत जाते, गोड ती खात नाही. मग मी तिच्यासाठी एक छोटी चिकटवही करायची ठरवली. शाळेत आपण चिकटवही करायचोच की, पानाफुलांची नाहीतर थोर नेत्यांची, तेच हे, फक्त यात आपलं घर. हल्ली याला स्क्रॅपबुक म्हणतात आणि छोटं असेल तर मिनी अल्बम. मी केलेला अल्बम आडवा, साधारण आहेराच्या पाकिटाएवढा आहे, कारण तो खरंच आहेराच्या पाकिटांचाच आहे. कसा केला ते सगळं नीट सांगते, म्हणजे तुम्हालाही दिवाळीच्या सुट्टीत करता येईल.

आधी छोटाच का ते सांगते. बाजारात बारा बाय बारा इंचाची तयार स्क्रॅपबुक मिळतात, छान दिसतात पण म्हातारी माणसं ती मांडीवर घेऊन बघू शकत नाहीत, जड होतात, मग ती कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. हातात मावेल असं काही असलं की माणूस ते सारखं काढतो. आजी तिचा अल्बम पोथीच्या शेजारी ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

दुसरं म्हणजे सजावट. दुकानात स्टिकर, लाकडी फुलपाखरं, चकचकीत मणी सगळं मिळतं, मी पण आधी आणलं होतं, पण ते पानावर ठेवून बघितलं आणि वाटलं की यात आजी कुठेय? हे तर कुणाच्याही अल्बमात चालेल. म्हणून मी एकच नियम केला की पानावर जे लागेल ते आमच्या घरातून आलेलं किंवा घरातल्या वस्तूपासून बनवलेलं असलं पाहिजे. कागद, गोंद, दोरा विकत आणायचा, बाकी नाही. हा नियम तुम्ही पाळलात तर अल्बम आपोआप वेगळा होतो, त्यासाठी चित्रकला यायला लागत नाही.

सुरुवात कातरकामाने करू नका. आठवडाभर फक्त गोळा करा. एक बुटांचा रिकामा खोका घ्या आणि त्यात टाकत जा. जुन्या ब्लाउजचे खणाचे तुकडे, फाटलेल्या इरकलीचा काठ, सुटलेली बटणं, जुन्या लग्नपत्रिका, एसटीची पंच मारलेली तिकिटं, आजोबांच्या हातचं एखादं पोस्टकार्ड, औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलेली लोणच्याच्या मसाल्याची यादी, गोधडीतून उरलेला दोरा, दसऱ्याला मिळालेली आपट्याची पानं. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे भिंतीवरची जुनी कॅलेंडरं.

कॅलेंडरबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते याच्याइतकी चांगली सजावट कुठल्याच दुकानात नाही. आपल्याकडे कालनिर्णय १९७३ पासून घराघरात आहे आणि त्या चौकोनांत घरातल्या बायकांनी पेनाने काय काय लिहून ठेवलेलं असतं, ‘गॅस लावला’, ‘दूध नाही’, ‘बाई आली नाही’, ‘सुमीचं पत्र’, कुणाला ताप आला, कुणाची परीक्षा. आजीने तिची काही कॅलेंडरं गुंडाळी करून माळ्यावर ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नाही. मी त्यातला माझ्या जन्माचा महिना काढला तर त्या तारखेच्या चौकोनात तिथीच्या खाली बारीक अक्षरात ‘मुलगी. ३ किलो. ४.२० दुपार’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्याच्या शेजारच्याच चौकोनात ‘दूध २ लिटर’. तो चौकोन मी अल्बममध्ये लावलाय. तुमच्याकडे कॅलेंडरं असतील तर त्यातले असे चौकोन शोधा, आपल्या माणसाचं अक्षर, तारीख, तिथी, वार सगळं एका इंचात मिळतं. कागद पातळ असतो म्हणून तो आधी जाड कार्डावर चिकटवा, मग बाजूने दोन-तीन मिलीमीटर कड सोडून कापा. पूर्ण पान कापायला जीव होत नसेल तर रंगीत झेरॉक्स काढा आणि तिचा चौकोन वापरा.

यावरूनच पुढची गोष्ट. मूळ वस्तू चिकटवायची नाही. हे मी स्वतः शिकलेय, कारण पहिल्यांदा केलेल्या अल्बममध्ये मी मावशीचा एकुलता एक लहानपणीचा कृष्णधवल फोटो पांढऱ्या गोंदाने थेट चिकटवला, गोंदातल्या पाण्याने कागद फुगला, फोटोला सुरकुत्या पडल्या आणि आता तो निघत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून जुने फोटो आधी स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) केले तर छोट्या फोटोचीही मोठी प्रिंट चांगली येते. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, उन्हात नाही तर सावलीच्या उजेडात फोटो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाइल अगदी सरळ वर धरून काढा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच मोबाइलने त्याचा फोटो घ्या. मूळ फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहायचं तर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

छापताना एक युक्ती. लॅबमध्ये चार बाय सहा इंचाची प्रिंट सगळ्यात स्वस्त पडते, आणि त्या एका प्रिंटमध्ये दोन बाय तीनचे चार फोटो बरोब्बर बसतात, किंवा तीन बाय चारचे दोन. मोबाइलवर कोलाज करायचं, एकच प्रिंट काढायची आणि कापायची. मिनी अल्बमला दोन बाय तीन हीच साइज छान दिसते. दहा-बारा फोटो खूप झाले, सहा पाकिटांच्या अल्बमात त्याहून जास्त घातले तर पानांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. एसटीच्या किंवा दुकानाच्या मशीनमधून निघणाऱ्या हल्लीच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेवर छापतात, त्यावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडून जातात, म्हणून त्यांची झेरॉक्सच लावा.

आता कागद आणि गोंद. वर्तमानपत्र पिवळं पडतं ना, ते लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं त्यामुळे, म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण फोटोला चिकटून राहील असं लावायचं नाही, त्याचीही झेरॉक्स. पानांसाठी २०० ते २५० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ड घ्या, साधा प्रिंटरचा कागद ७०-८० चा असतो, तो सजावटीचं वजन पेलत नाही. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन या, १९४० पासूनची संस्था आहे, तिथला कागद सुती चिंध्यांपासून होतो, स्पर्श वेगळाच असतो, आणि त्याच्या कडा हाताने फाडल्या तर कात्रीपेक्षा सुंदर दिसतात. कार्डशीट, टेप वगैरे अप्पा बळवंत चौकात मिळतं, लेस आणि दोरे बोहरी आळीत. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आहेच.

फोटोसाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक. पांढरा गोंद फक्त कापड आणि पुठ्ठ्यासाठी, तोही जुन्या एटीएम कार्डाने खरवडून अगदी पातळ पसरायचा. पारदर्शक चिकटपट्टी कुठेही वरून लावू नका, ती पिवळी पडते आणि मग सुटते, डाग राहतो. पूर्वी बाइंडर लोक मैद्याची खळ करायचे आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे, पण मोरचूद विषारी आहे आणि फोटोंजवळ नकोच, आणि नुसती खळ लावली तर झुरळं येतात, म्हणून या कामाला खळ सोडून द्या.

चला, आता पाकिटांचा अल्बम. सहा आहेराची पाकिटं घ्या, सगळी एकाच मापाची. घरात लग्नातली वापरलेली असतील तर अजूनच छान, त्यावर ‘चि. सौ. कां.’ किंवा देणाऱ्याचं नाव असतं, ते तसंच राहू द्या. माझ्याकडची साधारण सात बाय सव्वातीन इंचाची होती, तुमची मोजून घ्या. वरचा एक रुपया हळूच सोडवा, सहाही नाणी ठेवली तर अल्बम बंदच होणार नाही, पण पहिल्या पाकिटावरचं एक नाणं राहू द्या, तो रुपया असल्याशिवाय ते आहेराचं पाकीट वाटत नाही.

पाकिटं एकमेकांना जोडायला मधे कागदाचा भाता करायचा, पेटीच्या भात्यासारखा. यासाठी जाड कार्डाची एक पट्टी कापा, रुंदी पाकिटाच्या रुंदीपेक्षा दोन मिलीमीटर कमी, लांबी २७ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कार्डाच्या लांबीत बसते. आता पट्टीवर पेन्सिलीने खुणा करा, सुरुवातीला ३ सेंमी, मग दीड आणि दीड, मग ६ मिलीमीटर, परत दीड आणि दीड, परत ६ मिलीमीटर, असं करत सहा वेळा दीड-दीड आलं की शेवटी उरतात ३ सेंमी. हिशोब लावून बघा, सहा वेळा ३ म्हणजे १८, मधल्या पाच फटी ६ मिलीमीटरच्या म्हणजे ३, आणि दोन टोकांचे ३-३, एकूण २७. खुणांवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, म्हणजे घडी सरळ आणि न फाटता पडते. दीड-दीडच्या मधली घडी वर उचलायची, तिच्या दोन भिंती आतून एकमेकींना चिकटवायच्या, की दीड सेंमीचा एक उभा पंखा तयार होतो. असे सहा पंखे. प्रत्येक पंख्यावर एक पाकीट, बंद असलेली आखूड बाजू पंख्याकडे, तोंड बाहेर, म्हणजे पाकिटात नंतर चिठ्ठ्या सरकवता येतात. पाकिटाचं तोंड लांब बाजूला असेल तरी चालतं, मग ते वर ठेवायचं.

ती ६ मिलीमीटरची फट विसरू नका, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपण पानं सपाट धरून अल्बम बांधतो आणि नंतर त्यावर बटणं, फुलं, गोंडे लावतो, मग तो पंख्यासारखा उघडाच राहतो. फट ही सजावटीच्या जाडीसाठी आहे. एका पाकिटावर दोन्ही बाजू मिळून ५-६ मिलीमीटरहून जास्त जाडी नको, आणि समोरासमोरच्या पानांवर एकाच जागी उंच वस्तू नको, एकीकडे वर लावली तर दुसरीकडे खाली.

कव्हरला दोन मिलीमीटरचा पुठ्ठा, जुन्या रजिस्टरचा किंवा कॅलेंडरच्या मागचा चालतो. पाकिटापेक्षा चारी बाजूंनी ३-४ मिलीमीटर मोठे दोन तुकडे, आणि पाठीसाठी त्याच उंचीची ३ सेंमी रुंद पट्टी. तिन्ही तुकडे कापडावर मांडा, मधे दोन्हीकडे ४-५ मिलीमीटर जागा सोडा म्हणजे दुमडेल. मी पाठीला आजीच्या इरकलीचा काठ लावला आणि पुढे-मागे खण. खणाची कापलेली कड लगेच सुटते, दोरे निघत राहतात, त्याला उपाय म्हणजे टेलर मटेरियलच्या दुकानात इस्त्रीने चिकटणारं बक्रम मिळतं, ते मागून लावून घ्या आणि मग कापा, एकही दोरा सुटत नाही आणि गोंदही कापडातून वर येत नाही. कोपरे तिरके कापून कापड आत दुमडा, जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. सकाळी भात्याची ३-३ सेंमीची टोकं आतून दोन्ही पुठ्ठ्यांना चिकटवा, वरून छान कागद लावा म्हणजे जोड झाकला जातो.

यात शिलाई कुठेच नाही. शिवायचंच असेल तर कार्डाची चार-पाच पानं मधोमध दुमडून घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, गोधडीचा दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्या, सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना टोकं ठेवून गाठ. ही वही एखाद्या पाकिटात ठेवली तर अल्बमात अल्बम होतो.

आता हातच्या सजावटी. खणाची बटणं सगळ्यात सोपी आणि दिसायला भरगच्च. पुठ्ठ्याची अडीच सेंमीची चकती, कापडाची चार सेंमीची, कापडाच्या कडेने धावदोरा घालायचा, मधे चकती ठेवून दोरा ओढायचा, गाठ मारायची, झालं. खणावरचं एखादं बारीक फूल बरोबर मधे आलं पाहिजे, तेवढं बघून कापा. कव्हर बंद करायलाही मी असंच एक बटण आणि गोधडीच्या दोऱ्याचा वेढा वापरलाय.

पिंपळाचं जाळीचं पान आपण सगळ्यांनी लहानपणी पुस्तकात ठेवलंय. ते नीट करायचं तर पिकू न लागलेली जून पानं पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवा, तीन-चार दिवसांनी पाणी बदला, वास येतो म्हणून गॅलरीत ठेवा. गर सुटायला लागला की ताटलीत पाण्यातच ठेवून मऊ टूथब्रशने हलकेच थोपटा, घासू नका. घाई असेल तर धुण्याचा सोडा घालून अर्धा-पाऊण तास उकळतात, पण हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून, आणि ते भांडं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. हे पान फोटोच्या मागे अर्धं बाहेर डोकावेल असं लावा.

आपट्याचं पान नुसतं दाबून वाळवलं तरी पुरे, त्याचा आकारच इतका सुंदर आहे. आमच्याकडे दसऱ्याला आजोबा सोनं द्यायचे, त्या पानावर मी त्यांच्या फोटोशेजारी पांढऱ्या जेल पेनने फक्त साल लिहिलं. बोगनवेलीची पाकळी कागदासारखीच असते, दाबली की रंग टिकतो. गजरा मात्र लावू नका, मोगरा तपकिरी पडतो आणि ओलावा धरतो. दाबायला जुनी डिरेक्टरी, आठ-दहा दिवस, पावसाळ्यात दोन-दोन दिवसांनी कागद बदलून.

क्विलिंगसाठी, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीसाठी, वेगळं साधन घेऊ नका, उदबत्ती जळून उरलेल्या काडीचं टोक ब्लेडने चिरा, त्या फटीत तीन मिलीमीटर रुंद कागदाची पट्टी अडकवून गुंडाळा, सैल सोडा, एका बाजूने चिमटा की पाकळी. लग्नपत्रिकेवरचा गणपती आपल्याला टाकवत नाही, घरोघरी डबाभर गणपती साठलेले असतात, त्यातला एक आई-बाबांच्या पत्रिकेचा किंवा जवळच्या लग्नातला कापून पहिल्या पानावर लावा. रांगोळीचे छापे आहेत ना, तेच स्टेन्सिल म्हणून वापरा, स्पंजला अगदी कोरडा पोस्टर कलर लावून थोपटायचं, ओला लावला की खालून पसरतो. चहाच्या पाण्यात रंगवलेला कागद जुना छान दिसतो पण चहा आम्लधर्मी आहे, म्हणून तो फोटोला टेकेल असा नको, चिठ्ठ्यांसाठी ठीक. हळदीचा रंग उजेडात उडतो.

आणि उरलेल्या पाकिटांचे कोपरे फेकू नका. पाकिटाचा बंद कोपरा तिरका कापला की तो आपोआप फोटो कॉर्नर होतो. पाकिटाच्या दोन बंद कोपऱ्यांतून दोन, दोन पाकिटांत एका फोटोची सोय. यात फोटो अडकवला की चिकटवायलाच लागत नाही, कधीही काढता येतो.

पान मांडताना आधी सगळं नुसतं ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, एक रात्र जाऊ द्या, मग चिकटवा. एका पानावर एक फोटो, एक कापडाची गोष्ट, एक लिहिलेली गोष्ट, एवढंच. लिहिताना ‘सुंदर क्षण’ वगैरे लिहू नका, त्या माणसाच्या तोंडचं वाक्य लिहा. मी आजीला एकेक फोटो दाखवून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि तसंच उतरवलं. एका फोटोखाली आहे, ‘हा काठ बघ, याच लुगड्यात तुझ्या बाबाला गुंडाळून आणलं दवाखान्यातून, पाऊस धो धो’. त्याच्या शेजारी तोच काठ आहे. लिहायला पाण्याने न पसरणारं काळं पिगमेंट पेन घ्या, साधं जेल पेन पावसाळ्यात फुटतं.

मुलांना घेऊन करायचं असेल तर पाकिटांचा अल्बम त्यांना कंटाळवाणा होतो, त्यांना काडेपेटीचा द्या. काडेपेटीच्या आतल्या ट्रेच्या रुंदीपेक्षा तीन मिलीमीटर कमी रुंदीची पट्टी घ्यायची, ट्रेच्या लांबीला घड्या घालायच्या, एक टोक ट्रेच्या तळाला चिकटवायचं, बाहेरून खणाचा तुकडा. सहलीची, मामाच्या गावाची अशी एक-एक काडेपेटी होते. किंवा एक ए-फोर कागद आठ भागांत दुमडून मधल्या चार भागांच्या मधोमध आडवा चिरा दिला आणि दुमडला की गोंदाशिवाय आठ पानांचं पुस्तक तयार, पान साडेसात बाय साडेदहा सेंमीचं.

झालेला अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी येते, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. जुन्या मऊ सुती धोतराची पिशवी शिवा, त्यात बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाका, कसरीसाठी वेखंडाची छोटी पुरचुंडी, पण ती अल्बमच्या बाहेर, पानांत नाही. आणि महिन्यातून एकदा तरी उघडून वारा लागू द्या. आजीचा अल्बम रोजच उघडतो म्हणून त्याला अजून काही झालेलं नाही, फक्त शेवटचं पाकीट मी रिकामं सोडलं होतं ते आता फुगलंय, तिने त्यात पणतीच्या बारशाची चिठ्ठी, दोन बटणं आणि यंदाचं आपट्याचं पान घालून ठेवलंय, त्यामुळे भात्याची शेवटची फट मला थोडी मोठी करून द्यायचीय.